फायबर पंचगंगेत बुडवण्याआधी

इंजिनिअरिंगच्या प्रकल्पांत एक प्रयोग वरचेवर दिसतो. प्लास्टिक ऑप्टिकल फायबरचं आवरण मधोमध खरवडायचं, उघडा भाग मिठाच्या पाण्यात बुडवायचा, एका टोकाला एलईडी आणि दुसऱ्या टोकाला फोटोडायोड लावायचा. मीठ वाढेल तसा व्होल्टेज बदलतो, आलेख सरळ येतो आणि अहवालावर शीर्षक पडतं, ‘पाण्याची गुणवत्ता तपासणारा सेन्सर’. आलेखात खोट नसते, शीर्षकात असते.

असा उघडा फायबर मीठ ओळखत नाही, पाण्याचा अपवर्तनांक, म्हणजे प्रकाश त्यात शिरताना किती वळतो हे सांगणारा अंक, ओळखतो. हा अंक किती हलतो ते बघा. लिटरभर पाण्यात १ ग्रॅम मीठ टाकलं तर तो साधारण ०.०००१८ ने वाढतो. वजनाने १ टक्का साखर असेल तर ०.००१४ ने. उलट पाणी १ अंश सेल्सिअसने तापलं तर तो सुमारे ०.०००१ ने घटतो. प्रयोगशाळेत ५, १०, १५ टक्के मिठाचं पाणी घेतलं की बदल ठळक दिसणारच, ते समुद्रापेक्षा खारट आहे. नदीत विरघळलेले क्षार लिटरला काही शे मिलिग्रॅम असतात. ३०० मिलिग्रॅम धरले तरी अपवर्तनांकातला फरक ०.००००५ च्या आसपास, म्हणजे पाणी अर्ध्या अंशाने गार झाल्याइतका. पंचगंगा घाटावर सकाळ ते दुपार पाण्याचं तापमान याच्या कितीतरी पट बदलतं. प्लास्टिक फायबरचा गाभा तापला की त्याचाही अपवर्तनांक उतरतो, त्यामुळे थोडी चूक आपोआप वजा होते. काचेच्या फायबरमध्ये तीही सवलत नाही. म्हणून अशा सेन्सरचा पहिला प्रयोग मीठ न घालता करावा: नुसतं पाणी २५ वरून ३५ अंशांवर न्यायचं आणि व्होल्टेज किती सरकतो ते लिहायचं. त्या सरकण्यापेक्षा लहान असलेला कुठलाही ‘शोध’ सोडून द्यायचा.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. काचेच्या गाभ्याचा अपवर्तनांक १.४५७, पाण्याचा १.३३३. सीमेवरच्या लंबाशी ६६ अंशांहून मोठा कोन करून येणारा प्रकाश आतच परततो, पण परतताना त्याचा थोडा अंश बाहेर डोकावतो. यालाच इव्हॅनेसंट लहर म्हणतात. हिरवा, ५२५ नॅनोमीटरचा प्रकाश ८० अंशांनी आदळत असेल तर ही लहर पाण्यात जेमतेम १६० नॅनोमीटर खोल जाते. नदीत ठेवलेल्या कुठल्याही वस्तूवर काही दिवसांत जो बुळबुळीत थर चढतो तो मायक्रॉनमध्ये (१ मायक्रॉन म्हणजे १००० नॅनोमीटर) मोजावा लागतो. म्हणजे आठवडाभराने तुमचा प्रोब त्या थराचा अपवर्तनांक मोजत असतो आणि नदी त्याच्या नजरेबाहेर गेलेली असते.

यू-आकारात वाकवलेला फायबर ही लहर वाढवतो, हे खरं. वाकणात प्रकाश सीमेवर जास्त उभ्या कोनात आदळतो आणि शोषण कित्येक पटींनी जास्त दिसतं. सोन्याचे नॅनोकण किंवा एखादं रंगद्रव्य त्यावर बसवून प्रयोगशाळेत उत्तम काम होतं. करून बघायचं असेल तर १ मिमी व्यासाचा पीएमएमए (ॲक्रिलिक प्लास्टिक) फायबर घ्या, बाहेरचं काळं जॅकेट स्ट्रिपरने काढा, ८० ते ९० अंशांच्या गरम पाण्यात धरून स्टीलच्या सळईभोवती वाकवा आणि त्याच आकारात बांधून गार होऊ द्या. क्लॅडिंग, म्हणजे गाभ्यावरचं पातळ आवरण, काढायला ॲसिटोन आणि पाणी निम्मं निम्मं, कापडाच्या बोळ्यावर घेऊन हलक्या हाताने पुसायचं आणि लगेच साध्या पाण्याने धुवायचं. इथेच बहुतेक फायबर वाया जातात. वाकवताना ताण आत अडकलेला असतो आणि त्यावर ॲसिटोन किंवा स्पिरिट लागलं की प्लास्टिकला केसासारख्या बारीक चिरा पडतात. चिरांतून प्रकाश गळतो, आणि तो पाण्यामुळे गळाला की चिरांमुळे, हे नंतर सांगता येत नाही. म्हणून वाकवलेला फायबर क्लॅडिंग काढण्यापूर्वी ७० अंशांच्या पाण्यात दोनेक तास ठेवावा, ताण सैलावतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने फायबर पुसायची सवय काचेला चालते, पीएमएमएला नाही.

नदीसाठी आणि नळासाठी मात्र प्रकाश पाण्यातून आरपार नेणं हाच भरवशाचा मार्ग. फायबरने प्रकाश आणायचा, दहाएक मिलिमीटर पाण्यातून सोडायचा, समोरच्या फायबरने उचलायचा. कुणी विचारेल, मग फायबर कशाला, एलईडीच पाण्यात ठेवा की. फायबरचा फायदा एवढाच की विजेचं सगळं सामान कोरड्या डब्यात राहतं आणि पाण्यात जाते ती फक्त प्लास्टिकची दोरी. दमट, क्लोरीनयुक्त पंपघरात हा फायदा छोटा नाही.

नळाच्या पाण्यातला क्लोरीन

ग्रामपंचायतीचा पाणी सोडणारा कर्मचारी टाकीत टीसीएल (ब्लीचिंग पावडर) टाकतो आणि क्लोरोस्कोपमध्ये ओटी टेस्ट घेतो: पिवळा रंग डोळ्याने जुळवायचा. आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकानुसार नळाच्या टोकाला मोकळा अवशिष्ट क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम हवा. ओटीत वापरतात ते ऑर्थोटोलिडिन आरोग्याला घातक आहे आणि इतक्या कमी प्रमाणात फिका पिवळा डोळ्याला फसवतो. त्याऐवजी डीपीडी हे क्लोरीनशी गुलाबी रंग देणारं रसायन घ्या. त्याचा गुलाबी रंग ५१५ नॅनोमीटरच्या आसपास सर्वांत जास्त प्रकाश शोषतो, म्हणजे बाजारातला साधा ५२५ नॅनोमीटरचा हिरवा एलईडी चपखल बसतो. हिरव्या प्रकाशाला पीएमएमए फायबर फार कमी खातो, चार-पाच मीटर लांबीची काळजी नको.

मोजपात्र कोल्हापूरच्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवर होईल. ४० मिमी व्यासाचा काळा डेल्रिन प्लास्टिकचा दांडा, मधून १२ मिमीचं उभं भोक, त्याला आडवी छेदणारी २.२ मिमीची दोन समोरासमोर भोकं. फायबर जॅकेटसकट त्यांत घट्ट बसतो. ही दोन भोकं एकाच पकडीत, एकाच ड्रिलने आरपार पाडून घ्या. वेगवेगळी पाडली तर ती एका रेषेत येत नाहीत आणि प्रकाश वाया जातो. पांढरं पीव्हीसी नको, भिंतीवरून परतलेला प्रकाश रंगीत पाण्याला चुकवून फायबरात शिरतो आणि वरच्या टोकाला आलेख वाकतो. दोन फायबरांच्या तोंडांत १० मिमी अंतर ठेवा. या फायबरमधून पाण्यात पडणारा प्रकाश दोन्ही बाजूंना २२ अंशांनी पसरतो. १० मिमीवर समोरचा फायबर त्यातला शंभरातला जेमतेम एक भाग पकडतो, २० मिमीवर त्याच्याही पाव. जास्त लांबी म्हणजे जास्त संवेदनशीलता हे पुस्तकात ठीक, इथे लेन्स न लावता लांबी वाढवली की फक्त गोंगाट वाढतो.

तोंडं घासण्यात कंजुषी नको. धारदार ब्लेडने काटकोनात कापा, मग ६००, १०००, २००० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर ठेवून पाण्यासोबत इंग्रजी आठच्या आकारात फिरवा. फायबर दुसऱ्या टोकाने दिव्याकडे धरल्यावर तोंड एकसारखं उजळ दिसलं पाहिजे. कडेला काळी चंद्रकोर दिसली तर कापताना चीर गेली आहे, पुन्हा कापा.

प्रकाश टिपायला ओपीटी १०१ सोयीचा, कारण फोटोडायोड आणि ॲम्प्लिफायर एकाच चिपमध्ये असतात. त्याचा व्होल्टेज एडीएस १११५ या १६ बिटांच्या एडीसीने (व्होल्टेजचा आकडा करणारी चिप) वाचायचा. एलईडी स्थिर करंटवर चालवा, नुसत्या रेझिस्टरवर नाही. आणि सतत पेटता ठेवू नका: १०० मिलिसेकंद पेटवा, पहिले २० सोडून उरलेल्यांची सरासरी घ्या, मग १०० मिलिसेकंद विझवून तसंच करा, दोन्हींची वजाबाकी हे तुमचं खरं माप. सरासरीचा काळ २० मिलिसेकंदांच्या पटीत हवा, कारण आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची आणि तिच्यावर चालणारे दिवे १०० हर्ट्झने फडफडतात. २० मिलिसेकंदांत दोन्हींचे पूर्ण फेरे बसतात आणि गोंगाट रद्द होतो. ३० मिलिसेकंदांची सरासरी घेणारे मग आकडा नाचतो म्हणून एडीसी बदलत बसतात.

तापमानाने एलईडीचा उजेड हलतोच. दुसरा ओपीटी १०१ एलईडीच्याच कुशीत ठेवा आणि दोघांचा भागाकार वापरा. हा संदर्भ डायोड नसलेला कुठलाही फायबर सेन्सर दुपारी वेगळं आणि रात्री वेगळं सांगतो. पैसे कमी असतील तर एडीसी हलका घ्या, पण संदर्भ डायोड कापू नका.

आता अंशांकन (कॅलिब्रेशन). क्लोरीनचं पाणी स्वतः टिकत नाही, म्हणून पोटॅशियम परमँगनेट वापरतात. ०.८९१ ग्रॅम परमँगनेट १ लिटर ऊर्ध्वपातित पाण्यात, गडद बाटलीत. त्यातलं १० मिली घेऊन १०० मिली करा. या पातळ द्रावणाचं १ मिली १०० मिलीपर्यंत वाढवलं की ते लिटरला १ मिलिग्रॅम क्लोरीनच्या बरोबरीचं होतं. त्याच हिशेबाने ०.२, ०.५, १ आणि २ मिलिग्रॅमची द्रावणं करा, प्रत्येकात डीपीडी टाका आणि मिनिटाच्या आत वाचा. शून्य घ्यायचं ते डीपीडी न घातलेल्या त्याच पाण्यावर. आलेख व्होल्टेजचा काढू नका. शून्याचं माप भागिले रंगीत पाण्याचं माप, त्याचा १० च्या पायावरचा लॉगॅरिदम हे शोषण, आणि तेच क्लोरीनच्या प्रमाणात वाढतं.

मिनिटाचं बंधन विनाकारण नाही. पाण्यात अमोनिया असेल तर क्लोरॅमाइन झालेलं असतं, तेही डीपीडीशी सावकाश रंग देतं. पाच मिनिटांनी वाचलं तर मोकळा क्लोरीन नसतानाही तो असल्याचा आकडा येतो. बोअरच्या पाण्यात ऑक्सिडीकृत मँगनीज असलं तरी गुलाबी रंग येतो. आणि सर्वांत धोक्याचं म्हणजे टीसीएल नुकतीच पडलेली टाकी: क्लोरीन फारच जास्त असला तर गुलाबी रंग क्षणभर येऊन उडतो आणि सेन्सर जवळजवळ शून्य दाखवतो. शून्य आलं की तेच पाणी दहापट पातळ करून पुन्हा बघा. आता रंग आला तर टाकीत क्लोरीन कमी नाही, अतोनात आहे.

बुडबुडे हा रोजचा त्रास. गार पाणी पात्रात तापलं की विरघळलेली हवा सुटते आणि फायबरच्या तोंडावर मोत्यासारखी चिकटते. आकडा अचानक उडी मारून तिथेच बसतो. पाणी खालून वर जाईल असं पात्र उभं लावा.

नदीचा गढूळपणा

गढूळपणा मोजताना आरपार नव्हे, ९० अंशांनी विखुरलेला प्रकाश बघतात. आयएसओ ७०२७ या आंतरराष्ट्रीय मानकात ८६० नॅनोमीटरचा अवरक्त प्रकाश सांगितला आहे. कारण पाण्याला स्वतःचा रंग असला तरी या तरंगलांबीला तो सहसा आड येत नाही. इचलकरंजीच्या खालच्या अंगाला रंगप्रक्रियेचं पाणी किंवा गळीत हंगामात तपकिरी सांडपाणी मिसळलेलं असताना लाल वा हिरव्या एलईडीने गढूळपणा मोजला तर रंग प्रकाश खातो आणि पाणी आहे त्याहून स्वच्छ दिसतं. पण इथे पीएमएमए फायबर आडवा येतो: ८५० च्या पुढे तो स्वतःच खूप प्रकाश गिळतो. म्हणून गढूळपणासाठी काचेचा, ४०० किंवा ६०० मायक्रॉन गाभ्याचा फायबर घ्या. टेलिकॉमचा ६२.५ मायक्रॉनचा तुकडा फुकट मिळतो म्हणून वापरू नका, एलईडीचा प्रकाश त्यात शिरतच नाही म्हटलं तरी चालेल.

प्रमाण द्रावण फॉर्मॅझिनचं. १ ग्रॅम हायड्रॅझिन सल्फेट १०० मिलीत, १० ग्रॅम हेक्झामीन १०० मिलीत. दोन्हींचं ५-५ मिली एकत्र करून २५ अंशांच्या आसपास २४ तास ठेवलं की ४००० एनटीयूचं (एनटीयू हे गढूळपणाचं एकक) मूळ द्रावण मिळतं. हायड्रॅझिन सल्फेट कर्करोगकारक मानलं जातं, हातमोजे हवेतच. पातळ केलेली द्रावणं त्या दिवशीच वापरा. दुधाचे थेंब टाकून अंशांकन करणाऱ्यांची सरळ रेष सुंदर येते, पण दुधातल्या स्निग्ध कणांचा आकार नदीच्या मातीशी जुळत नाही, तेव्हा त्या रेषेवरून नदीचा एनटीयू सांगता येत नाही.

आयएस १०५०० मध्ये पिण्याच्या पाण्याला १ एनटीयू स्वीकारार्ह आणि दुसरा स्रोत नसेल तर ५ पर्यंत मुभा आहे. पावसाळ्यातली पंचगंगा या मापाच्या बाहेरची. गढूळपणा फार वाढला की विखुरलेला प्रकाश ९० अंशांच्या फायबरपर्यंत पोचण्याआधीच चिखलात अडतो आणि माप उतरू लागतं. म्हणजे एकच व्होल्टेज दोन वेगळ्या पाण्यांना येतो. उपाय: समोरही एक फायबर ठेवा आणि विखुरलेला भागिले आरपार असा भागाकार घ्या. आरपार प्रकाश जवळजवळ शून्य असेल तर आकडा छापू नका, ‘मापाबाहेर’ छापा.

बंधाऱ्यावरचा ऑक्सिजन

फायबरने जे काम इतर पद्धतींपेक्षा खरोखर चांगलं होतं ते विरघळलेल्या ऑक्सिजनचं. फायबरच्या टोकावर रुथेनियम किंवा प्लॅटिनमच्या संयुगाची पातळ फिल्म असते. तिच्यावर निळा-हिरवा प्रकाश टाकला की ती लाल चमकते, आणि ऑक्सिजनचा रेणू भेटला की ती चमक लवकर विझते. चमकेची तीव्रता मोजू नका, ती किती वेळ टिकते ते मोजा. तीव्रता फायबर वाकला, तोंड मळलं, फिल्म जुनी झाली तरी बदलते. टिकण्याचा काळ त्याने फारसा बदलत नाही. ऑक्सिजन नसताना प्लॅटिनम पॉर्फिरिनचा काळ साधारण ६० मायक्रोसेकंद असतो, तेव्हा एलईडी अडीच-तीन किलोहर्ट्झने लुकलुकवून येणाऱ्या प्रकाशाची कला (फेज) किती मागे पडते ते बघितलं की पुरतं. थर सतत उजळला तर तो लवकर जळतो; दहा मिनिटांतून एक माप नदीसाठी भरपूर.

शून्यासाठी १०० मिली पाण्यात २ ग्रॅम सोडियम सल्फाइट, १०० टक्क्यांसाठी ओल्या स्पंजवरची हवा. इथे कोल्हापूरची उंची विसरू नका. २५ अंशांना समुद्रसपाटीवर संपृक्त पाण्यात लिटरला ८.२६ मिलिग्रॅम ऑक्सिजन असतो. साडेपाचशे मीटरवर हवेचा दाब कमी, म्हणून तो सुमारे ७.७ भरतो. परदेशी मीटर समुद्रसपाटीवर बसवलेलाच राहिला तर सगळे आकडे ७ टक्क्यांनी फुगतात.

प्रोब कुठे ठेवता यावर सगळं आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याला बर्गे (पाणी अडवायच्या फळ्या) घातले की वरच्या अंगाला पाणी तुंबतं आणि खालच्या अंगाला उडी घेताना हवा खातं. खाली ठेवलेला प्रोब नदीचं कौतुक करतो, मासे मरतात ते वरच्या अंगाला. केंदाळाखालीही (जलपर्णीखाली) तीच गत, आणि ऑक्सिजन सर्वांत खाली जातो तो पहाटे. दुपारी बारा वाजता घेतलेल्या मापावर नदी ठीक असल्याचा निष्कर्ष काढू नये. उलट रंकाळा तलावासारख्या शेवाळलेल्या पाण्यात दुपारी ९-१० मिलिग्रॅम आला तर सेन्सर बिघडला असं समजू नका. उन्हात शेवाळ संपृक्ततेच्या वर ऑक्सिजन सोडतं.

नायट्रेटसाठी २२० नॅनोमीटरचा अतिनील प्रकाश लागतो आणि सेंद्रिय द्रव्यांची वजाबाकी करायला २७५ चा. प्लास्टिक फायबर इथे अगदी आंधळा. अतिनीलसाठीचा काचेचा फायबर आणि झेनॉन दिवा घ्यावा लागतो, खर्च एकदम वर जातो. १० मिमीच्या मार्गावर लिटरला साधारण ११ मिलिग्रॅम नायट्रेट-नायट्रोजनपर्यंतच रेष सरळ राहते, आणि पिण्याच्या पाण्याची ४५ मिलिग्रॅम नायट्रेटची मर्यादा म्हणजे नायट्रोजनच्या हिशेबात १० च्या वर, रेषेच्या जवळजवळ टोकाला. शिरोळ-हातकणंगल्याच्या उसाच्या पट्ट्यातल्या विहिरींसाठी म्हणून २ मिमीचा मार्ग घ्या. साखर कारखाने आणि डिस्टिलऱ्यांना केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१४ मध्ये सांडपाण्याचं ऑनलाइन मापन बंधनकारक केलं. या कामातले अतिनील प्रोब सीओडी (सांडपाण्यातली घाण जाळायला लागणारा ऑक्सिजन) थेट मोजत नाहीत, शोषणावरून अंदाज बांधतात. हंगामात बसवलेलं समीकरण हंगाम संपल्यावर, सांडपाण्याची घडणच बदलल्यावर, चालत नाही.

सामू फायबरने मोजण्याचा खटाटोप नदीसाठी करू नये. ब्रोमोथायमॉल ब्लू ६ ते ७.६ एवढ्यातच रंग बदलतो, जेलमधून झिरपून जातो, आणि काचेचा इलेक्ट्रोड स्वस्तात याहून चांगलं काम करतो. फायबरमध्ये कोरलेलं ब्रॅग ग्रेटिंग (एकच तरंगलांबी परतवणाऱ्या रेघा) तर तापमान आणि ताण मोजतं, १५५० नॅनोमीटरला अंशामागे सुमारे १० पिकोमीटर. वर रासायनिक लेप नसेल तर पाण्यात काय विरघळलं आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही.

राहिलं बसवणं. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. डबा त्याच्याही वर हवा, म्हणजे घाटाच्या उतारासकट फायबर सहज तीस मीटर होतो. पीएमएमएमध्ये लाल प्रकाशाला मीटरमागे ०.१५ ते ०.२ डेसिबल धरले तर एवढ्या अंतरात दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश उजेड गेला. इथे काचेचा फायबर घ्यावा किंवा डबा तरंगता ठेवावा. प्रोबचं तोंड ४५ अंश खाली झुकवा, गाळ बसत नाही आणि बुडबुडा निसटतो. तोंडाभोवती तांब्याची जाळी गुंडाळली तर शेवाळ उशिरा धरतं, मात्र तांबंच मोजायचं असेल तर ती काढून टाका. साफसफाई मऊ ब्रश आणि ५ टक्के सायट्रिक ॲसिडने, दर आठवड्याला, आणि माप पुसण्याआधी व पुसल्यानंतर असं दोनदा लिहा. त्या दोन आकड्यांत १० टक्क्यांहून जास्त फरक पडू लागला की आठवडा चार दिवसांवर आणा.